नागरिक कधी झालो आपण? टिटवाळ्याच्या सभेची गोष्ट

गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हजेरी झाली आणि आम्ही सहज विचारलं, "नागरिक म्हणजे कोण?" थोडा वेळ कुणी बोललंच नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "ज्याच्याकडे आधार कार्ड आहे तो." दुसरी म्हणाली, "मत देतो तो." मागे बसलेली एक सून हळूच म्हणाली, "शहरात राहतो तो नागरिक. आपण गावकरी." सगळ्या हसल्या. पण तिचं अगदीच चुकलं नव्हतं. नागरिक या शब्दात नगर आहेच. डोंबिवलीतल्या सोसायटीत राहणारी बाई नागरिक, आणि तिच्याकडे धुणंभांडी करायला सकाळच्या गाडीने जाणारी आपल्या गावची बाई कोण, असा प्रश्न त्या सुनेच्या बोलण्यात होता. तो घेऊनच आज आम्ही तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. उत्तर शोधायला फार लांब जायचं नाही, टिटवाळ्यापर्यंत जायचं.

टिटवाळ्याला आपण किती वेळा गेलो असू? कल्याणहून कसारा लोकल पकडायची, शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. अंगारकीला तर पाय ठेवायला जागा नसते. बाप्पाचं दर्शन, नारळ, तळ्याकाठी बसून घरून आणलेली चपाती-भाजी, येताना मुलांना खेळणं. आम्हीही गटाच्या बायांना घेऊन गेलो आहोत. पण याच टिटवाळ्यात 1945 सालच्या जानेवारीत एक मोठी सभा झाली होती, हे आम्हाला बी.ए. होईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ती होती महाराष्ट्र किसान सभेची परिषद. हजारो शेतकरी आणि शेतमजूर तिथे जमले होते. त्या गर्दीत मूठभर वारली होते. ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाहून, उंबरगाव तालुक्यातून आले होते. जंगलातली माणसं, अंगावर अपुरे कपडे. सभा म्हणजे काय ते त्यांनी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्यातला एक, माह्या धांगडा नावाचा वारली, त्या व्यासपीठावर उभा राहून बोलला.

यात काय मोठं, असं वाटेल. आज आपल्यातली एखादीही माईक हातात घेते. पण माह्या धांगडा ज्या जगातून आला होता ते जग आधी समजून घ्यायला हवं.

डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतली जमीन एके काळी तिथे राहणाऱ्या आदिवासींचीच होती. इंग्रजी अमलात ती कर्जापायी, कागदापायी, फसवणुकीपायी सावकार आणि जमीनदारांच्या नावावर गेली. जो कालपर्यंत स्वतःचं शेत कसत होता, तो त्याच शेतात कूळ झाला. नुसता खंड देऊन सुटका नव्हती. मालक बोलावेल तेव्हा बिनमजुरीने त्याच्याकडे राबायला जायचं, यालाच वेठ म्हणत. आपलं भात उभं असलं तरी आधी मालकाचं कापायचं. बायाबापड्या, पोरं, सगळी जात. नाही म्हणणाऱ्याला मारहाण व्हायची. बायांच्या अब्रूलाही किंमत नव्हती, याहून जास्त आम्ही या कार्यक्रमात सांगत नाही, तुम्हाला समजतं.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक आलं की दीडपटीने, दुपटीने फेडायची. या सगळ्यावर कडी म्हणजे लग्नगडी. तरण्या वारल्याला लग्नासाठी थोडे पैसे लागायचे. ते मालकाने द्यायचे आणि त्याच्या बदल्यात त्या मुलाने मालकाच्या घरी राबायचं. किती वर्षं, ते ठरलेलं नसे. त्याची बायकोही राबायची. हिशेब मालकाच्या वहीत आणि वही मालकाच्या घरात, त्यामुळे कर्ज कधी फिटलं असं व्हायचंच नाही. नवराबायको दोघांचं आयुष्य जायचं. काहींचं कर्ज तर पोराच्या डोक्यावर यायचं.

हे ऐकताना तुमच्यापैकी काही जणींच्या डोळ्यांपुढे वीटभट्टी आली असेल. दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरकडची, भिवंडीकडची कातकरी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जातात. आधी मालकाकडून उचल घेतलेली असते, आपल्याकडे बयाणा म्हणतात. तो बहुतेक वेळा लग्नासाठी किंवा आजारपणासाठी असतो, आणि पावसाळा आला तरी "अजून बाकी आहे" हे वाक्य संपत नाही. वेठबिगारीच्या बंदीचा कायदा 1976 सालचा आहे. तो झाल्यावरही 1980 नंतरच्या वर्षांत वसईकडच्या गावांत श्रमजीवी संघटनेला वेठबिगार शोधून शोधून सोडवावे लागले होते. कायदा होणं आणि तो आपल्या अंगणात येणं यांत अंतर असतं, हे आम्ही आमच्या कामात रोज बघतो. असो, टिटवाळ्याकडे परत येऊ.

या वारल्यांना टिटवाळ्याला आणलं ते गोदावरी परुळेकर यांनी. त्यांना पुढे सगळे गोदूताई म्हणू लागले. जन्म 1907 सालचा, पुण्यातला. माहेर गोखल्यांचं, सुखवस्तू आणि वकिलाचं. स्वतः कायद्याची पदवी घेतली, त्या काळी असं करणाऱ्या महाराष्ट्रातल्या त्या पहिल्या बायकांपैकी. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेल्या. मुंबईत प्रौढांच्या साक्षरतेचं काम केलं, घरकाम करणाऱ्या बायांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. डोंबिवली-ठाण्याला घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायांनी हे लक्षात ठेवावं. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा व्हायला 2008 साल उजाडलं, आणि ही बाई त्याच्या सत्तर वर्षं आधी मुंबईच्या मोलकरणींशी बोलत होती. नंतर पती शामराव परुळेकर यांच्याबरोबर त्या ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांत काम करू लागल्या. त्यांचा पक्ष लाल बावट्याचा होता. तुमचा-आमचा कुठला, हा आजचा विषय नाही.

टिटवाळ्याच्या परिषदेचा प्रचार करत त्या उंबरगावच्या जंगलात गेल्या तेव्हा तिथली माणसं त्यांना पाहून घाबरत. स्वच्छ कपड्यातलं माणूस म्हणजे सावकार, पोलीस किंवा जंगलखात्याचा शिपाई, एवढाच त्यांचा अनुभव. मग अशी माणसं शंभर-सव्वाशे किलोमीटर लांब एका सभेला कशाला येतील? तरी काही जण आले. तिथे त्यांनी पाहिलं की आपल्यासारखीच राबणारी माणसं दुसऱ्या तालुक्यांतही आहेत आणि ती मोठ्याने बोलतात, त्यांना कुणी मारत नाही. ते घरी गेले आणि त्यांनी पाड्यापाड्यावर हे सांगितलं. आमच्या मते टिटवाळ्याची खरी सभा तिथे, चुलीजवळ बसून झाली. गटाचं काम करणाऱ्या कुणालाही हे पटेल. तालुक्याच्या मेळाव्यातलं भाषण एकीकडे आणि परत येताना जीपमध्ये बायांचं जे बोलणं होतं ते एकीकडे.

चार महिन्यांनी, 23 मे 1945 रोजी, तलासरीजवळ झरी गावात वारल्यांची स्वतःची परिषद झाली. सुमारे पाच हजार वारली आले. ठरलं ते अगदी थोडक्यात होतं. वेठ करायची नाही. मजुरी मिळाल्याशिवाय मालकाच्या कामाला हात लावायचा नाही, आणि मजुरी दिवसाला बारा आणे. सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे बारा आणे पाऊण रुपया झाला. लग्नगडी आता कुणी राहणार नाही. हे सरकारने दिलेलं नव्हतं, कायदा अजून व्हायचा होता. लोकांनी आपसांत ठरवलं आणि घरी गेल्यावर पाळलं. गावोगावचे वारली मालकांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सोडवून घेऊन आले. बरीच वर्षं ज्याने मालकाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं तो चालत आपल्या पाड्यावर आला, त्याची बायको आली. त्या बायकांची नावं कुठल्या पुस्तकात फारशी सापडत नाहीत. आम्ही शोधली.

मग आला गवताचा हंगाम. ठाणे जिल्ह्याचं गवत तेव्हा मुंबईच्या तबेल्यांत म्हशींना जायचं, गठ्ठे बांधून रेल्वेने. मालक आणि व्यापारी त्यावर भरपूर कमवत आणि कापणाऱ्याच्या हातात काहीच पडत नसे. वारल्यांनी सांगितलं, पाचशे रत्तल गवत कापायला अडीच रुपये. पाचशे रत्तल म्हणजे आजच्या मापाने जवळजवळ सव्वादोनशे किलो. गवताच्या काडीने हात कसे चिरतात ते तुमच्यापैकी कित्येकींना ठाऊक आहे, तेव्हा ही मागणी जास्त होती का, ते तुम्हीच सांगा. दर मिळेना म्हणून संप झाला आणि गवत उभं राहिलं.

10 ऑक्टोबर 1945. एक खोटा निरोप जंगलात फिरवला गेला, की गोदूताई तलवाड्याला येणार आहेत, त्यांच्या जिवाला धोका आहे, सगळ्यांनी या. हजारो वारली हातात काठ्या घेऊन तलवाड्याला गोळा झाले. गोदूताई तिथे नव्हत्याच. तिकडे पोलिसांना कळवलं गेलं, की हत्यारबंद जमाव दंगा करायला आला आहे. पोलिसांनी गोळीबार केला. पाच वारली मेले. त्यांतल्या जेठ्या गांगड यांचं नाव आजही त्या भागात घेतलं जातं. लोक तरीही लवकर हटले नाहीत, बाई येणार म्हणून थांबून राहिले. ज्या बाईला वाचवायला ते आले होते ती तिथे नाही, हे त्यांना पटेना. यानंतर गोदूताईंना जिल्हाबंदी झाली, सभांना बंदी झाली, पण संप मोडला नाही आणि मालकांना शेवटी दर वाढवून द्यावा लागला. गोदूताईंनी हे सगळं पुढे "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकात लिहिलं. 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या ग्रंथालयात मिळालं तर गटात एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.

आता तो बैठकीतला प्रश्न पुन्हा घ्या. 1945 साली माह्या धांगडा नागरिक होता का? आधार कार्ड तर नव्हतंच. मतही नव्हतं, कारण इंग्रजांच्या काळात मत त्याला, ज्याच्याकडे ठरावीक मालमत्ता असेल, जो सारा भरत असेल किंवा शिकलेला असेल. जंगलातल्या वारल्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणजे त्या काळच्या कागदावर तो कुणीच नव्हता. तरी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मजुरीचा दर ठरवला, वाईट रीत बंद पाडली आणि शब्द पाळला. कागद मागून आला. स्वातंत्र्यानंतर 1948 साली कूळ कायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कसेल त्याची जमीन असं सरकारने मान्य केलं, आणि जंगलातल्या जमिनीवरच्या हक्काचा कायदा तर 2006 साली झाला. त्यातले दावे आपल्या शहापूर-मुरबाडकडेही अनेकांनी भरले आहेत.

मताची गोष्टही सांगायला हवी, कारण ती खास आपली आहे. 1951-52 साली देशाची पहिली निवडणूक झाली. एकवीस वर्षांच्या प्रत्येक बाईपुरुषाला मत मिळालं, जमीन असो नसो, वाचता येवो न येवो. याद्या करणारे घरोघरी गेले. उत्तरेकडच्या काही राज्यांत त्यांना अडचण आली, की बाया स्वतःचं नावच सांगेनात. कुणी अमक्याची आई, कुणी तमक्याची बायको. निवडणूक आयोगाने ठरवलं, की प्रत्येक मतदाराचं स्वतःचं नाव पाहिजे. मुदत वाढवून दिली, तरी सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गाळावी लागली. अठ्ठावीस लाख! मत होतं आणि नावापायी गेलं. आम्ही नवीन गट बांधतो तेव्हा पहिल्या बैठकीत प्रत्येकीला स्वतःचं नाव उभं राहून सांगायला लावतो, ते याचसाठी. "पाटलांची सून" चालत नाही. सुरुवातीला हसतात, मग सांगतात.

पुढची पायरी तुम्हाला माहीत आहे. 1993 पासून घटनेने ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकांत बायांसाठी एक तृतीयांश जागा ठेवल्या, आणि 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या. आता खुर्चीत बाई आहे. खुर्चीमागे कोण आहे, ते आज बोलायला लागलो तर वेळ पुरणार नाही.

आपल्या बाजूला आणखी एक घोळ आहे, तो म्हणजे गाव की शहर. कल्याण-डोंबिवली महापालिका 1983 साली झाली तेव्हा आजूबाजूची 27 गावं तिच्यात घेतली. 2002 साली लोकांच्या मागणीवरून ती बाहेर काढली. 2015 साली पुन्हा आत घेतली. त्या गावांतल्या बायांना विचारा. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभेत उभं राहून पाण्याचं विचारता येत होतं, मग ग्रामसभाच गेली. आता नगरसेवकाला गाठायचं, नाहीतर प्रभाग कार्यालयाच्या खिडकीत अर्ज टाकायचा. पालिकेमुळे काही सोयी झाल्या असतील, आम्ही नाही म्हणत नाही. पण वर्षातून चार वेळा गावातल्या प्रत्येकाला, अगदी कर न भरलेल्या म्हातारीलासुद्धा, जाब विचारायची जी जागा असते ती शहरात तशी नाही. म्हणून ज्यांच्याकडे ती अजून आहे त्यांनी ती घालवू नये, असं आम्हाला वाटतं. आणि ती कशी घालवली जाते, हे आम्ही स्वतःवरून शिकलो.

कल्याण तालुक्यातलंच एक गाव, नाव सांगत नाही. ग्रामसभेला माणसं कमी पडली की कोरम भरत नाही. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं तरी हवीत, नाहीतर सभा तहकूब. मग वही घरोघरी फिरते. "ताई, इथे सही करा, सभेची आहे." आपण भाकरी टाकत असतो, पिठाचे हात पुसतो आणि सही करतो. आमच्या गटाच्या बायांनी केली. त्या दिवशी गटाचं रेकॉर्ड तपासायला आम्ही तिथेच बसलो होतो. आम्हीही काही म्हटलं नाही, उलट एका आजींना शाईचं पॅड पुढे केलं. सही करायला शिकवणाऱ्या आम्ही, आणि कशावर सही करतोय ते वाचायचं राहिलं.

तीन महिन्यांनी विहिरीजवळच्या मोकळ्या जागेवर खांब रोवायला माणसं आली. तिथे बाया धुणं धुतात, उन्हाळ्यात पापड-कुरडया वाळत घालतात, संध्याकाळी पोरं खेळतात. विचारलं तर उत्तर मिळालं, की जागा भाड्याने द्यायचा ठराव ग्रामसभेत झाला आहे आणि सह्या तुमच्याच आहेत. वही दाखवली. खरंच आमच्याच होत्या, ओळीने. त्या आजींचा अंगठाही होता.

त्या रात्री गटाची बैठक झाली ती पैशांची नव्हती. एक जण आमच्यावरच चिडली, "तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळायला नको?" तिला उत्तर नव्हतं. मग आम्ही टिटवाळ्याची ही सगळी गोष्ट सांगितली. खरं सांगायचं तर स्वतःला धीर द्यायला सांगितली. ऐकून झाल्यावर आजी म्हणाल्या, "त्यांच्या वहीत लिहिलेलं त्यांना वाचता येत नव्हतं. आपल्याला येत होतं." यावर सगळ्या गप्प.

त्यानंतर जे केलं ते सांगतो, कारण तुम्हालाही लागेल. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. ती आमच्याकडे कागदावर होत होती, ती खरी मागितली. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला 43 बाया गेल्या, कामावरून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन, काही जणींचा खाडा पडला. तिथे आधीच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवा म्हणून सांगितलं. बराच गोंधळ झाला. एकीला घरच्यांनी खुणेने बाहेर बोलावलं, ती गेली नाही, त्याचं तिला घरी ऐकून घ्यावं लागलं. शेवटी तो ठराव पुन्हा चर्चेला घ्यायचं ठरलं. जिंकलो असं म्हणता येणार नाही. खांब अजून तिथेच आहेत, एका बाजूला तार ओढलेली आहे आणि वाळवण यंदा पत्र्यांवर घातलं. मधल्या काळात दोघी गट सोडून गेल्या, नवऱ्यांना कटकट नको होती. त्यांना आम्ही नावं ठेवत नाही.

वही फिरते तेव्हा मात्र आता बाया विचारतात, "विषय काय आहे?" शिपाई दादा वैतागतात, पण सांगतात.

ठरावाची, हजेरीच्या वहीची आणि भाडेकराराची नक्कल मिळावी म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे. साधं आहे, जोडपत्र अ चा नमुना, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर तेही लागत नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. अर्जावर नाव कुणाचं घालायचं यावर थोडी चर्चा झाली, आणि ते आजींचं घातलं, पूर्ण नाव, आडनावासकट. यावेळी अंगठा नाही, त्यांनी सही केली. अक्षरं थोडी खाली उतरली आहेत.

मुदत संपायला अजून अकरा दिवस आहेत. पोचपावती कोषाध्यक्ष ताईंच्या पेटीत पासबुकांच्या खाली ठेवली आहे.